परांची एक, माणसं दोन, मग कोर्टंही दोन का?

पत्र असं आहे :

“ताई, नमस्कार. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या देवस्थान ट्रस्टमध्ये माझे मिस्टर बारा वर्षं कामाला आहेत. लाइट, पाण्याची मोटार, भांडारघर, सगळंच बघायचे. पगार १२,५०० रुपये, व्हाउचरवर सही करून रोख. एप्रिल २०२५ मध्ये पावसाळ्याआधी अन्नछत्राच्या शेडचे पत्रे बदलायला काढले आणि बांबूची परांची मोडली. पत्र्याच्या धारेनं मिस्टरांच्या उजव्या हाताचा अंगठा मुळापासून गेला. त्यांचं वय तेव्हा ४० होतं. माझे धाकटे दीरही वर होते. ते भोसरीला राहतात, चाकणच्या कंपनीत आहेत. दर अमावास्येला सेवेला येतात, ट्रस्ट त्यांना दोनशे रुपये मानधन देते. त्यांचं कमरेचं हाड मोडलं, प्लेट टाकावी लागली. आम्ही सध्या दिरांकडेच राहतो.

ट्रस्टचे लोक म्हणतात, दोघंही सेवेकरीच, नुकसानभरपाईचा प्रश्न येत नाही. तरी माणुसकी म्हणून मिस्टरांना ५०,००० देतो, स्टॅम्प पेपरवर सही करा. गावातले एक जण म्हणतात, देवस्थानावर केस करायची तर आधी धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. मामेसासरे म्हणतात, दोघांचा मिळून पुण्यात एकच मोठा दावा लावा, एकच वकील, खर्च वाचेल. आम्ही नेमकं कुठं जायचं? देवावर केस केली म्हणून गाव नावं ठेवील, ती भीती वेगळीच.”

ताई, आधी स्टॅम्प पेपरचं. सही करू नका. केली असेल तरी घाबरू नका. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात कामगाराला त्याचा हक्क सोडून देता येत नाही, तसा करार रद्दबातल असतो. एकरकमी तडजोड करायची झाली तर ती या कायद्याखालच्या नुकसानभरपाई आयुक्तांपुढे (धर्मादाय आयुक्त वेगळे; यापुढे नुसतं ‘आयुक्त’ म्हणेन ते हेच) नोंदवावी लागते, आणि रक्कम तुटपुंजी वाटली तर ते नोंद नाकारतात. नोटरीचा शिक्का मारून हे काम होत नाही. पन्नास हजार का देऊ करतायत, ते खाली आकडा मांडल्यावर तुमच्या लक्षात येईल.

आता मामेसासऱ्यांचा सल्ला. चांगल्या मनानं दिलाय, पण तुमचं सगळ्यात मोठं नुकसान त्यानंच होईल. तुमच्या मिस्टरांचं नाव दिवाणी दाव्यात चुकूनही घालू नका. त्या कायद्याच्या कलम ३ मध्ये शेवटाकडे पाचवं पोटकलम आहे. दिवाणी कोर्टात भरपाईचा दावा लावला की आयुक्तांकडे मागण्याचा हक्क संपतो. आयुक्तांकडे अर्ज केला की त्याच इजेसाठी दिवाणी दावा चालत नाही. दोन दारं आहेत, पण एका दारातून आत गेलात की दुसरं बंद होतं. दिवाणी कोर्टात तुम्हाला सिद्ध करावं लागेल की ट्रस्टचा हलगर्जीपणा होता, बांबू कुजका होता, तो त्यांना माहीत होता किंवा माहीत असायला हवा होता. वर्षानुवर्षं तारखा. आयुक्तांपुढे हलगर्जीपणाचा प्रश्नच नाही. माणूस नोकरीत होता का, इजा कामामुळे आणि कामावर असताना झाली का, एवढंच बघतात.

“पण ट्रस्ट तर म्हणते, तो नोकर नव्हताच!” म्हणू दे. माणूस कर्मचारी होता की नव्हता, हेही ठरवण्याचा अधिकार कायद्यानं आयुक्तांनाच दिलाय, आणि जे त्यांनी ठरवायचं त्यात दिवाणी कोर्टाला हात घालता येत नाही. ट्रस्टनं हजेरीच्या वहीवर काय शीर्षक छापलंय, पावतीवर ‘सेवा’ लिहिलंय की ‘पगार’, यावर हे ठरत नाही. रोज ठरलेल्या वेळी यावं लागे का, रजा कोणाला विचारून घ्यायची, काम कोण सांगायचं, न आल्यास पैसे कापायचे का, हे बघतात. बारा वर्षं महिन्याला ठरलेली रक्कम घेणारा माणूस अपघाताच्या दुसऱ्या दिवशी सेवेकरी होतो, हा चमत्कार मी वकिलीत बऱ्याचदा पाहिलाय आणि तो फक्त देवस्थानांत घडतो असंही नाही.

एक बारीक गोष्ट मात्र नीट बघा, कारण समोरचा वकील तिथंच बोट ठेवील. हा कायदा सरसकट सगळ्या नोकरांना लागू नाही, त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात कामांची यादी आहे. त्या यादीत इमारतीची दुरुस्ती आहे, पण इमारत एक मजल्याहून जास्त हवी, किंवा जमिनीपासून छपराच्या माथ्यापर्यंत १२ फूट किंवा त्याहून उंच हवी. अन्नछत्राची शेड एकमजली असणार. म्हणजे उंची मोजावी लागेल. खालच्या कडेची नव्हे, माथ्याची, जिथं दोन्ही बाजूंचे पत्रे भेटतात तिथली. गावातल्या एखाद्या गवंड्याला किंवा सुताराला टेप लावायला सांगा, टेप दिसेल असा फोटो काढून ठेवा. बहुतेक अन्नछत्रांच्या शेड धूर वर जावा म्हणून उंचच बांधतात, त्यामुळे मला फारशी काळजी नाही. “पत्रे टाकणं हे काही त्याचं रोजचं काम नव्हतं” असंही म्हणतील. मालकानं सांगितलेलं काम करताना लागलं, एवढं पुरतं. नैमित्तिक कामगारांना वगळणारी जुनी अट तर २००० च्या दुरुस्तीनं केव्हाच गेली.

पैशाचा हिशेब असा. पूर्ण कायमचं अपंगत्व आलं तर मासिक वेतनाच्या ६० टक्के रकमेला वयाच्या गुणकानं गुणतात. वेतन जास्तीत जास्त १५,००० धरतात, तुमचं त्याच्या आतच आहे. १२,५०० चे ६० टक्के म्हणजे ७,५००. चाळिसाव्या वर्षाचा गुणक १८४.१७. गुणाकार १३,८१,२७५ रुपये. पहिल्या परिशिष्टात अंगठा जाणं म्हणजे कमाईच्या क्षमतेत ३० टक्के घट असं लिहूनच ठेवलंय, म्हणून त्याचे ३० टक्के : ४,१४,३८२ रुपये ५० पैसे. यावर, रक्कम देय झाल्यापासून महिन्याभरात दिली नसेल तर वर्षाला १२ टक्के व्याज. उशिराला सबळ कारण नसेल तर आयुक्त ५० टक्क्यांपर्यंत दंडही लावू शकतात. दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्च वेगळा मागता येतो, बिलं जपून ठेवा. बिछान्यावर होते तेवढ्या काळाची पाक्षिक रक्कमही मिळते, पगाराच्या चौथ्या हिश्शाच्या हिशेबानं. आता तो पन्नास हजारांचा स्टॅम्प पेपर पुन्हा एकदा बघा.

वायरमन माणसाचा उजवा अंगठा म्हणजे ३० टक्के कसे, असं तुमच्या मनात येईल. माझ्याही येतं. पक्कड धरायची कशानं? पण परिशिष्टातल्या टक्केवारीवर वाद घालून जास्त मिळवणं अवघड असतं. हाताला आणखी काही झालं असेल, नस, मनगट, तर ते डॉक्टरांच्या दाखल्यात स्वतंत्र लिहून घ्या. परिशिष्टाबाहेरच्या इजेची टक्केवारी डॉक्टरच ठरवतात.

अर्ज कुठं करायचा, हा तुमचा मूळ प्रश्न. अपघात झाला ती हद्द, अर्जदार नेहमी राहतो ती हद्द, किंवा मालकाचं नोंदणीकृत कार्यालय असेल ती हद्द, या तिन्हींपैकी कुठंही. म्हणजे सातारा चालेल. आणि तुमचं बिऱ्हाड आता खरोखरच भोसरीला असेल, चार दिवसांचा पाहुणचार नसेल, तर पुणेही चालेल. भाडेकरार, गॅस जोडणी, मुलांचा शाळेतला दाखला असं काहीतरी लागेल. मुंबई-पुण्यात कामगार न्यायालयाचे न्यायाधीश हे काम बघतात, अनेक जिल्ह्यांत वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश. खुर्ची दिवाणी न्यायाधीशाची असली तरी या अर्जापुरते ते ‘आयुक्त’ असतात. अर्जाच्या मथळ्यावर तसंच लिहायचं, नाहीतर कारकून तो दाव्यात ढकलतो आणि मग वर सांगितलेला घोळ सुरू.

मुदत अपघातापासून दोन वर्षं, म्हणजे एप्रिल २०२७. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण त्यावर विसंबू नका. मध्ये २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९२३ च्या कायद्याची जागा तिनं घेतली. मिस्टरांचा अपघात त्याआधीचा, त्यांचा हक्क जुन्या कायद्याखाली उभा राहिला, म्हणून अर्जात अपघाताची तारीख पहिल्याच परिच्छेदात घाला. नव्या व्यवस्थेत तिथं असे अर्ज कोणत्या टेबलावर घेतात, ते कचेरीत विचारूनच दाखल करा. गावात कोणाला नोव्हेंबरनंतर असा अपघात झाला असेल तर त्यांना हा लेख जसाच्या तसा लागू करू नका म्हणून सांगा.

ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचं, एका दमात सांगते. ट्रस्टकडे ईएसआय लागू व्हायला लागतात तेवढी पगारी माणसं असती, भाग ईएसआयखाली येत असता आणि पगार २१,००० च्या आत असता, तर वरचं सगळं बाजूला पडून फक्त ईएसआयचेच लाभ मिळाले असते. विमाधारकाला कामावरच्या इजेसाठी मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही, आणि तिथला वाद ईएसआय कोर्टात जातो. मालकानं वर्गणी भरली नव्हती, म्हणून हे टळत नाही. तेव्हा ट्रस्टमध्ये पगारी माणसं किती आहेत, ते बोटांवर मोजून वकिलांना सांगा. पुजारी, आचारी, वॉचमन सगळे धरून.

आता दीर. त्यांचं प्रकरण मला जास्त अवघड वाटतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

मानधन या शब्दावर जाऊ नका, तो दोन्हीकडे झुकतो. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटी मिळते असं ठरवलं. त्यांना मिळतं त्याला सरकार मानधनच म्हणत होतं, कोर्टानं त्या कायद्यापुरतं ते वेतनच आहे असं सांगितलं. उलट एप्रिल २०२० मध्ये त्याच न्यायालयापुढे नवसारीच्या एका नेत्ररुग्णालयाच्या मानद शल्यचिकित्सकाचं प्रकरण होतं. रुग्णालयाच्या गाडीच्या अपघातात ते गेले. तिथं गंमत अशी, की ते नोकर होते असं विमा कंपनी घसा फोडून सांगत होती, कारण नोकर ठरले तर तिला कमी द्यावं लागणार होतं. कोर्टानं काम कसं, किती, कोणाच्या ताब्यात चालायचं हे सगळं तपासलं आणि ते नोकर नव्हते असा निकाल दिला. म्हणजे ट्रस्ट असो की विमा कंपनी, ज्याला जे सोयीचं ते तो म्हणतो. ठरतं ते रोजच्या व्यवहारावरून.

त्या कसोटीवर तुमचे दीर बसत नाहीत. महिन्यातून एक दिवस, मनाला वाटलं तर येणार, चाकणला पक्की नोकरी, आणि दोनशे रुपयांत भोसरीहून गावी जाऊन येण्याचं भाडंसुद्धा निघत नाही. हे प्रवासखर्चाचं मानधन आहे, पगार नव्हे. ओढूनताणून त्यांना कर्मचारी म्हणून आयुक्तांपुढे उभं केलंत तर दोन वर्षं जातील, अर्ज फेटाळला जाईल, आणि पुढे दिवाणी दाव्यात समोरचा वकील विचारील, “काल शपथेवर नोकर होतात, आज सेवेकरी कसे?” शिवाय दोघं भाऊ एकाच अर्जात दिसले तर मिस्टरांची स्वच्छ बाजूही गढूळ होते. ट्रस्टला तेच हवंय, दोघांना एका माळेत ओवायचं आहे.

म्हणून दिरांनी दिवाणी दावा लावायचा, फक्त स्वतःच्या नावानं, हलगर्जीपणाच्या आधारावर. स्वयंसेवक आहे म्हणून त्याला भरपाई नाही असा काही नियम नाही. ज्याला बोलावून परांचीवर चढवलं, त्याच्याबाबतीत पुरेशी काळजी घेणं ट्रस्टवर होतंच. “तो स्वखुशीनं चढला” हा बचाव येणार. सेवा स्वखुशीनं केली, कुजका बांबू स्वखुशीनं पत्करला नव्हता. बांबू कुठून आणले, आधी किती पावसाळे उघड्यावर पडले होते, पट्टा-दोर दिला होता का, चढायला कोणी सांगितलं, यावर सगळं उभं राहील. व्हॉट्सॲपवर सेवेकऱ्यांचा ग्रुप असेलच. “उद्या पत्रे चढवायचे, सकाळी ७ ला सर्वांनी हजर राहावे” असा निरोप त्यात असेल तर त्याचा स्क्रीनशॉट पुरेसा नाही, ज्या फोनवर आला तो फोन बदलू नका, विकू नका. दवाखान्यात पोलिसांना कळवून एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केसची नोंद, झाली होती का ते बघा. तिच्यात अपघाताची पहिली हकिकत असते, कोणी पढवण्याआधीची.

आणि हा दावा पुण्यात चालणार नाही. शरीराला झालेल्या इजेचा दावा जिथं इजा झाली तिथं, किंवा प्रतिवादी जिथं राहतो, कारभार करतो तिथं लावावा लागतो. वादी कुठं राहतो याला इथं किंमत नाही. म्हणजे उलटंच झालं बघा, कायम भोसरीत राहणाऱ्या दिरांना तारखेला सातारा जिल्ह्यात यावं लागणार, आणि गावात नोकरी करणाऱ्या मिस्टरांचा अर्ज पुण्यात चालू शकणार. पुण्यात लावलाच तर कोर्ट तो योग्य कोर्टात लावा म्हणून परत देईल. प्रामाणिक चुकीनं भलत्या कोर्टात गेलेला वेळ मुदतीतून वजा होतो, पण गेलेली वर्षं काही परत मिळत नाहीत. मुदत तीन वर्षं, एप्रिल २०२८ पर्यंत. मागणी पाच लाखांच्या वर असेल तर वरिष्ठ स्तर न्यायाधीशांकडे, आत असेल तर कनिष्ठ स्तराकडे. कोर्ट फी रकमेवर लागते, म्हणून आकडा फुगवू नका.

दिरांचा पगार २१,००० च्या आत असेल तर चाकणच्या नोकरीतून त्यांचं ईएसआय कार्ड असणार. अपघात कंपनीच्या कामावरचा नसला तरी उपचार आणि आजारपणाचा लाभ मिळतो, पगाराच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. प्लेट टाकताना हे कोणी सांगितलं नसेल तर अजून चौकशी करा. त्यानं ट्रस्टवरच्या दाव्याला बाध येत नाही.

धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीचं खूळ कुठून आलं ते मला माहीत आहे. ट्रस्टचा कारभार बिघडला, मालमत्ता हडपली, विश्वस्त काढायचे आहेत, असे दावे ट्रस्टशी हितसंबंध असलेल्या भक्तांनी लावायचे झाले तर परवानगी लागते. तुमच्या घरच्यांचा अंगठा आणि कंबर ही ट्रस्टची मालमत्ता नाही. स्वतःच्या इजेच्या भरपाईला परवानगी नको.

तरीही त्या कार्यालयात एक चक्कर माराच, वेगळ्या कामासाठी. ट्रस्टला दरवर्षी लेखापरीक्षित हिशेब तिथं द्यावे लागतात. गेल्या काही वर्षांच्या ताळेबंदाच्या आणि जमाखर्चाच्या नकला मागा. त्यात ‘सेवकवर्ग पगार’ अशी ओळ असेल तर “आमच्याकडे सगळे सेवेकरीच” हे बोलणं तिथंच आटोपतं. दुसरं, ट्रस्टच्या नोंदणीचा उतारा घ्या, त्यावर सध्याच्या विश्वस्तांची नावं असतात. अर्जात आणि दाव्यात ट्रस्टसोबत ती सगळी नावं लिहायची. एक जरी सुटलं तरी पहिली दोन वर्षं त्याच वादात जातात.

गाव नावं ठेवील म्हणता, तर हा उतारा घडी घालून पर्समध्ये ठेवा. प्रतिवादी म्हणून त्यावरची माणसं आहेत, गाभाऱ्यातला देव नाही.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. अपंगत्व आलेल्या माणसाला तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो, म्हणून आधी सरकारी रुग्णालयातून अपंगत्वाचा दाखला काढून घ्या. दिरांचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर त्यांनाही मिळेल. दोघांसाठी वकील एकच असला तरी माझी हरकत नाही. फाइल मात्र दोन करायला सांगा आणि वकालतनाम्यावर सही करण्याआधी वरचा मथळा वाचा : मिस्टरांच्या कागदावर ‘आयुक्त’ हा शब्द दिसला पाहिजे.